गोजराची खारी विहीर

गावाला अजून वेससुद्धा नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. गावाबाहेर गोजरा नावाची बाई राहायची. घरोघरची दळणं दळून पोट भरायची. मजुरी म्हणून तिला खळ्यावरची झाडलेली, मातीखड्यांची बाजरी मिळे. गावच्या गोड विहिरीवर तिला जाता येत नव्हतं. तिच्या वाट्याला एक खारी विहीर होती. तिच्या पाण्यात कावळासुद्धा चोच बुडवत नसे, असं म्हणतात.

एका साली बाजरी फुलोऱ्यात असताना पंधरा दिवस झिमझिम लागली, आणि कणसांतून मधासारखा चिकट रस गळायला लागला. लोकांनी तो देवाचा प्रसाद म्हणून चाटला. पुढे त्याच कणसांत काळे, लांबट दाणे धरले. लोकांनी तेही दळायला दिले. पिकलेलं कुणाला टाकवत नाही.

मग भाकरी खाल्ली की उलटी, चक्कर, आणि झोप. माणसं जेवता जेवता कलंडायला लागली. पोर रडून निळं पडलं तरी आई उठेना.

गोजरा मात्र जागी होती. बाजरी तीच, पण ती माती काढायला खाऱ्या पाण्यात धुवायची. चांगले दाणे तळाशी बसत, काळे वर तरंगत, ते ती फेकून देई. तिला उमगलं आणि ती पाटलांकडे गेली.

“पाटील, बाजरी माझ्या हिरीच्या पान्यात धुवा. काळं वर येतंय, ते टाकून द्या.”

“तुझ्या पान्यात?” पाटलांनी जांभई दिली. “त्यापरीस झोपल्यालं बरं.”

आणि ते झोपले. गोजराच्या अंगात वाद घालायची ताकद नव्हती. ती कामाला लागली. पाणी शेंदायचं, घराघरातली बाजरी धुवायची, वाळवायची, दळायची, भाकरी करून एकेकाला घास भरवायचा. असे सात दिवस, सात रात्री. तिचे हात भरून आले तेव्हा विहिरीलाच दया आली आणि पाणी आपोआप काठापर्यंत चढलं, असं म्हणतात. मला विचाराल तर, दया एखाद्या माणसाला यायला हवी होती.

आठव्या दिवशी गाव जागं झालं. सगळ्यांत आधी पाटील उठले आणि भूक लागली म्हणाले.

“आता मी वाईच पडते,” गोजरा म्हणाली. “मला उठवू नका.”

ती विहिरीच्या काठावर आडवी झाली. तिच्या पोटात विषाचा कणही नव्हता. ती फक्त दमली होती. ती परत उठली नाही.

आजही नवी बाजरी आली की पाटलांच्या घरापासून सगळ्यांचे दाणे आधी त्या खाऱ्या पाण्यात पडतात. वर आलेलं काळं खोल खड्ड्यात पुरतात. आणि त्या दिवशी आमच्या गावात झोपलेल्या बाईला कुणी उठवत नाही. चूल पेटली नाही तरी चालतं.