गिळकीचा बांध फोडणारी धुरपा

फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते विचारू नका, हिवदऱ्यातल्या म्हाताऱ्यांना ती त्यांच्या म्हाताऱ्यांनी सांगितली आणि त्यांनीही वर्षं मोजली नव्हती. तेव्हा दऱ्यात नऊच घरं होती. चारी बाजूंनी डोंगर, मधून वाकणी नदी, आणि नदीकाठाला ताटासारखी सपाट जमीन. पौषात थंडी अशी पडायची की गवतावरचं दव गोठायचं आणि सकाळी चालताना पायाखाली करकर वाजायचं.

डोंगरात सपाट जमीन मिळणं म्हणजे केवढं नशीब! पण ही जमीन नुसती दिसायला देखणी. पावसाळ्यात वाकणी फुगून तिच्यावर पसरायची, उतरताना काळा गाळ ठेवून जायची, आणि त्या काळ्याभोर गाळात टाकलेला दाणा दहा दिवसांत कुजायचा. भात लावला तर पिवळा पडून बसायचा. लव्हाळा मात्र माजायचा. लोकांनी तिचं नावच ठेवलं होतं गिळकी.

भावकीत वाटण्या झाल्या तेव्हा उताराची तांबडी, गुणी जमीन भावाभावांनी घेतली. धाकटा भाऊ वारला होता, त्याची बायको धुरपा मागे राहिली होती. तिच्या वाट्याला गिळकी आली. दऱ्यात तेव्हा एक रीत होती, तीन वर्षं ज्याच्या जमिनीत पीक उभं राहिलं नाही, त्याची जमीन आणि घर तिसऱ्या पाडव्याला भावकीत परत जायचं. धुरपाची दोन वर्षं गेली होती. दोन्ही वर्षं तिनं लव्हाळाच कापला. माहेर म्हणावं तर तिथं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे हे घर गेलं की बाई उघड्यावर येणार, हे सगळ्यांना दिसत होतं आणि बोलत कुणीच नव्हतं.

आता गंमत बघा. डोंगरातली माणसं, पाणी उतारावरून पळताना बघत जन्म गेलेला. त्यांना एकच विद्या येत होती, पाणी अडवायची. गिळकीच्या खालच्या अंगाला थोरला दीर सुभाना याच्या आजोबांनी मोठा बांध घातला होता. जमीन पीक देईना म्हणून त्यांनी तो उंच केला. तरी देईना म्हणून सुभानाच्या बापानं आणखी उंच केला. आणि सुभाना दर वर्षी त्यावर नारळ फोडून एक वीत माती चढवायचा. कुणाच्याही मनात आलं नाही की रोग वाढतोय तो औषधानंच.

धुरपाला एक खोड होती. का, हे कळल्याशिवाय तिला घास उतरायचा नाही. दाणा कुजला की बाकीचे गिळकीला शिव्या घालत, ही बसून उकरायची, दाणा कुठवर गेला, कसा गेला ते बघायची. तिसऱ्या वर्षीच्या श्रावणात तिनं कोपरभर खड्डा खणला. वर काळी माती. तिच्याखाली पारव्या रंगाची, निळसर, चिकट, नासलेल्या अंड्याचा वास येणारी. आणि त्या निळ्या मातीत बारीक बारीक तांबड्या रेघा. एकेक रेघ तिनं नखानं उकलली. प्रत्येकीच्या पोटात लव्हाळ्याचं मूळ निघालं.

मुळाभोवतीच तांबडं का? धुरपानं त्या निळ्या मातीचा गोळा घरी आणून उंबऱ्यावर ठेवला आणि कामाला लागली. चार दिवसांनी बघते तर गोळा बाहेरून तांबडा झालेला. फोडला, तर आत अजून निळाच.

झालं, बाईला चैन पडेना. तिनं गिळकीत चाळीस खड्डे घेतले आणि चाळीस गोळे कुडाच्या कडेनं ओळीनं मांडले. धुरपीनं लाडू वळलेत, कुणाचं लग्न काढलंय बघा, असं म्हणून गाव हसलं. ती खड्ड्याच्या तोंडाशी कान लावून बसायची. माती तिच्याशी बोलायची, असं म्हणतात. काय बोलायची याबद्दल मात्र एकमत नाही. वरच्या आळीतले सांगतात, माती म्हणाली, मला उठव. खालच्या आळीतले सांगतात, मला वारा घाल. पण एवढं सगळेच सांगतात की एक दिवस तिनं लव्हाळ्याची काडी मधोमध चिरली आणि ती आतून पोकळ, भोकाभोकांची निघाली. मग धुरपा खड्ड्याच्या काठावर बसून एकटीच हसली. लव्हाळा आपला वारा आपणच खाली नेत होता. वारा पोचला तिथं माती तांबडी होत होती. बाकी सगळी जमीन पाण्याखाली गुदमरली होती, आणि गुदमरलेल्या मातीत बिचारा गव्हाचा दाणा श्वास कुठून घेणार?

तिनं सुभानाला जाऊन सांगितलं की बांध फोडायचा. सुभाना काही वाईट माणूस नव्हता, आषाढात तो तिच्या घरी नाचणीची पायली न सांगता पोचवायचा. पण आजोबांचा बांध! फोडणारीचा हात झडेल, असं त्यानं बजावलं आणि विषय संपवला.

दसरा झाला आणि धुरपानं बांधावर पहार घातली.

तिथून नदीच्या खालच्या वळणापर्यंत तिनं कंबरभर खोल चर काढायला घेतला. निळी माती जिथं जिथं वर आलेली, तिथून तिथून तो वळवला, तळाला दगडगोटे भरले. दिवसाला ती दोन हात खणायची आणि पुढचे आठ हात माती आपणहून उघडायची, असं म्हणतात. खरंखोटं मातीला ठाऊक. पण एकटी बाई, एक पहार, महिन्याभरात तीनशे हात चर. चर अजून तिथं आहे, तेव्हा मानायचं नाही तर काय करायचं?

शेवटची वीत फुटली तेव्हा जमिनीनं सुस्कारा टाकला. तो माथ्यावर ऐकू गेला आणि चरणाऱ्या म्हशींनी माना वर केल्या, असं म्हणतात. पाणी चरातून धावत सुटलं. पण दुसऱ्या दिवशी ते तांबडं व्हायला लागलं. दगड तांबडे झाले, पाण्यावर तेलकट तवंग आला. जमिनीला जखम झाली, ती रक्त ओकतेय, अशी ओरड झाली आणि नऊ घरची माणसं मातीच्या पाट्या घेऊन चर बुजवायला आली. पुढे सुभाना.

धुरपा चरात उभी होती, गुडघाभर तांबड्या पाण्यात. तिला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा. चर बुजला असता तर सगळंच संपलं असतं. तिनं हात पुढे केला.

"भावजी, तुमचा कोयता द्या."

त्यानं कमरेचा कोयता दिला. तिनं ओल्या अंगठ्यानं त्याचं गंजलेलं पातं चोळलं आणि अंगठा चरातल्या तांबड्या दगडाशेजारी धरला. दोन्ही रंग एकच होते.

"हे रक्त असेल तर तुमचा कोयताही रोज रक्त ओकतो," ती म्हणाली. मग तिनं ओंजळभर पाणी पिऊन दाखवलं. "गंजाची चव आहे. चाखून बघा."

सुभानानं चाखलं. बराच वेळ तो तोंडात चव घोळवत राहिला. पाडव्यापर्यंत थांबतो, त्यानं सांगितलं, पीक नाही आलं तर चर मी बुजवीन आणि तू घर सोडायचंस. पाट्या परत गेल्या.

धुरपानं गहू पेरला. त्या पौषात साऱ्या दऱ्यात दव गोठलं, आणि गिळकीच्या कडेला येऊन थंडी थांबली, असं म्हणतात. ओल निथळलेली जमीन उन्हानं लवकर तापते, हे आता दऱ्यातली पोरंही सांगतील. पण तेव्हा तो चमत्कारच होता. गहू असा आला की आत शिरलेली म्हैस गळ्यातल्या घंटेवरून शोधावी लागली.

पाडव्याला भावकी जमली. सुभाना एकटाच पिकात शिरला आणि त्यानं एक रोप उपटलं. मूळ हातभर लांब, पांढरंशुभ्र निघालं. त्याला लागलेली माती तपकिरी होती आणि भुसभुशीत. सुभानानं ती नाकाशी नेली. मग फोडलेल्या बांधाच्या तुकड्यावर तो येऊन बसला.

"धुरपे, वाटणी करताना तुला कुणी विचारलं नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं," धुरपा म्हणाली.

यापुढे दोघं काय बोलले ते कुणी सांगत नाही. धुरपा पुढे खूप जगली, दूरदूरच्या दऱ्यांतून लोक तिला माती दाखवायला न्यायचे. पण हिवदऱ्यात आजही वाटणी निघाली की हिशोबाची पाटी, मोजणीची दोरी, पंच सगळं बाजूला ठेवतात. घरात जिच्या मागे कुणी नाही ती बाई आधी शेतात जाते. ती खणते, माती चोळते, वास घेते, आणि तिला घाई करायची नाही असा दंडक आहे. एकदा एकीनं तीन दिवस लावले. सारी भावकी तीन दिवस बांधावर बसून राहिली. मग घरातला सगळ्यात थोरला माणूस उठतो, तिच्यासमोर उभा राहतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, "बाई, तुला कुठली हवी?"