फिलूच्या लग्नाची काळी बियर

"झाली, हे तुला कुणी सांगितलं?"

ब्रदर सिमाव विचारत होते. मठाच्या स्वयंपाकघरात, चुलीपुढं बसून, सुपातले भिजवलेले वाल सोलता सोलता. मान काही वर केली नव्हती.

पास्कोल तुस्कानो दारात उभा. काखेत गोणपाटात गुंडाळलेली एक बाटली, आणि तोंडावर बारशाचे पेढे वाटायला निघाल्यासारखं हसू.

"काट्यानं सांगितलं, ब्रदर. तुम्हीच शिकवलेल्या काट्यानं."

वसईकडचा तो लहानसा मठ. वर्षातून एकदा, सणाला, तिथं काळी बियर व्हायची. जव कोळशागत काळे होईस्तोवर भाजायचे, त्यांचा रस काढायचा, त्यात खमीर सोडायचं आणि वाट बघायची. कुणा परदेशी पाद्र्यानं ती विद्या सिमावना दिली, आणि सिमावनी पाच वर्षं खपून पास्कोलला.

काटा म्हणजे काचेचा तरंगा. रसात गोडी असते तोवर डोकं वर काढून उभा राहतो. खमीर गोडी खात जातं, तसतसा हा बुडत जातो. तीन दिवस एकाच खुणेवर राहिला, की समजायचं खमिराचं जेवण झालं. मग बाटल्या भरायच्या. त्याआधी भरल्या, तर खमीर आत बसून खातच राहतं, वारा कोंडतो, आणि काच बिचारी किती सोसणार?

पण यंदाच्या साठ बाटल्या मठाच्या नव्हत्या. रविवारी पास्कोलच्या धाकट्या बहिणीचं, फिलूचं, लग्न होतं.

नवऱ्याचा बाप इनास लोपीस साखरपुड्यात सगळ्यांदेखत बोलला होता, की दुकानातली खोकी मी पाठवतो, मुलीच्या भावाचा तो काढा बाळंतिणींना ठेवा. सगळे हसले. पास्कोलही हसला, आणि घरी येऊन जेवला नाही. त्या दिवसापासून नवरा राहिला बाजूला, हाच गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला.

तीन दिवस काटा हलला नाही, त्यानं सांगितलं. बुडबुडे थांबले, फेस बसला. परवा सकाळी साठच्या साठ भरल्या, वर बुचं ठोकली. पहिली ब्रदरना दाखवायला आणली.

काटा कुठल्या खुणेला थांबला, ब्रदरनी विचारलं.

दरवेळेपेक्षा जरा वर, पास्कोल म्हणाला. पण यंदा भाजलेले जव जास्त घातले होते, आणि काळ्या जवाची सगळी गोडी खमिराला पचत नाही, हेही ब्रदरनीच शिकवलेलं.

ब्रदरनी मान हलवली. शिकवलं होतं खरं.

"रसाचं पिंप कुठं होतं?"

"विहिरीजवळच्या खोपीत."

"गेल्या आठवड्यात थंडी पडली होती..."

"होती थोडी."

ब्रदरनी सूप बाजूला सारलं. त्यांनी हात पुसले, बाटली घेतली, आणि चुलीच्या कडेला, राख ऊबदार होती तिथं नीट उभी केली. मग तिच्या शेजारीच, कोपर लागेल इतक्या जवळ, पाट सरकवून बसले. सूप मध्ये ठेवलं.

"बस. वाल सोल."

पास्कोल पलीकडून बसला. आता चव घेतील, मग घेतील, म्हणून बोलत राहिला. मांडवाला कुठली कापडं, बँडवाले किती, आचाऱ्यानं ऐनवेळी कसा नन्नाचा पाढा लावला. ब्रदर हं हं करत होते. वालाची सालं एकीकडे, डाळ एकीकडे.

मग पास्कोलनं पाट जरा मागं घेतला. धूर लागतोय म्हणाला.

थोड्या वेळानं आणखी घेतला. पायाला मुंग्या आल्या म्हणाला.

तिसऱ्यांदा घेतला तेव्हा काही म्हणालाच नाही.

सूप होतं तिथंच होतं. पास्कोलचा हात आता वालांपर्यंत पोचत नव्हता.

बाटलीच्या गळ्याशी, आतून, मोहरीपेक्षा बारीक बुडबुड्यांचं एक कडं धरलं होतं. मघाशी ते नव्हतं. पास्कोलची नजर तिथनं निघेना. लहानपणी मामाकडे अशीच एक बाटली फुटली होती. कुणी जवळ नव्हतं म्हणून बरं. काचेचा तुकडा दाराच्या फळीत जाऊन रुतला, तो मामानं कधी उपटलाच नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा.

"ब्रदर, तिथनं उठा."

"का रे?"

"फुटेल ती."

"झाली म्हणालास ना..."

चुलीतलं लाकूड तडतडलं.

"काटा हलला नव्हता, ब्रदर. शपथेवर सांगतो. तीन दिवस."

"नव्हताच हलला. त्या थंडीत मीसुद्धा हललो नाही."

ब्रदरनी आणखी एक वाल सोलला.

"बाकीच्या कुठं ठेवल्यास?"

घर पाहुण्यांनी भरलंय, पास्कोल सांगू लागला. पडवीत भांडी, माळ्यावर गाद्या, मागल्या दारी आचाऱ्याची लाकडं. पाय ठेवायला जागा नाही. मग कुठं ठेवणार...

"फिलूच्या खाटेखाली."

बोलला, आणि आपलंच बोलणं त्याच्या कानात शिरलं. फिलूच्या खोलीवर पत्रा. दुपारचं ऊन सरळ पत्र्यावर. आणि चार दिवस झाले, मावश्या-आत्या त्याच खाटेवर तिला मधे घेऊन गाणी म्हणत बसलेल्या.

तो उठला. दारातलं गोणपाट उचललं, दुहेरी केलं, तोंड एका अंगाला वळवून बाटलीवर टाकलं. गुंडाळी छातीशी न धरता हात लांब करून, तापलेलं पातेलं न्यावं तशी अंगणात नेली. केळीच्या बुंध्याआड बसून, चुलीजवळून उचललेल्या उलथण्यानं बूच उचकटलं.

काळा फेस त्याच्या कोपरापर्यंत उडाला. केळीची पानं भिजली. बाटलीत तळाला चार बोटं उरली.

ब्रदर उंबऱ्यापर्यंत आले होते. आपल्या झग्याच्या बाहीनं त्यांनी पास्कोलची हनुवटी पुसली, पाच वर्षांत कधी पुसली नव्हती तशी. मग सगळं सावकाश सांगितलं. आधी बायकांना खोलीबाहेर काढ. बाटल्यांवर ओली गोणपाटं टाक, आणि विहिरीच्या गारव्यात एकेक करून ने. तोंडाला जाड कापड बांध, बुचं उघड, सगळं पिंपात परत ओत. पिंप घरात घे, गोधडी गुंडाळ. जेवता जेवता थंडीनं झोपलंय ते खमीर. उठेल, उरलेलं खाईल.

"रविवारपर्यंत?"

ब्रदरनी केळीच्या पानावरून ओघळणारा फेस बघितला.

"नाही."

रविवारी टोस्टला पेले उचलायचे तर आज ना उद्या इनास लोपीसच्या दारात जाऊन, तुमची खोकी पाठवा, म्हणावं लागणार होतं. ते दोघांनाही कळलं.

पास्कोल निघाला. आधी चालत, मग जवळजवळ धावत. फाटकाची कडी काढली आणि थांबला. घराकडं जीव ओढत होता, पण एक गोष्ट विचारल्यावाचून पाय पुढं पडेना.

"ब्रदर... पुढल्या वेळी पिंप उबेत ठेवलं, आणि काटा तीन दिवस थांबला. मग झाली समजू?"

"समज."

"बाटल्या भरू?"

"एक भर."

"एकच?"

"एकच. ती उशाशी घेऊन झोप."