हाक न मारणारी राणी

एका राज्यात घराघरांच्या दाराला आतल्या बाजूने एक घंटा टांगलेली असे. घरच्या माणसाला वाटलं की कोणीतरी यावं, तर त्याने ती वाजवायची. मग शेजारी येई, पाटावर बसे, दोन शब्द बोले आणि घटकाभराने उठून जाई. घंटा वाजल्याशिवाय दुसऱ्याचा उंबरा ओलांडणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालणं, इतकं ते वाईट मानीत.

हे राज्य डोंगराच्या माथ्यावर होतं. तिथे तांब्याच्या खाणी होत्या, दुमजली दगडी घरं होती, आणि ज्याच्या त्याच्या अंगणात ज्याची त्याची विहीर होती. बाजारात प्रत्येक वस्तूचा भाव पाटीवर कोरलेला असे. गिऱ्हाइकाने नाणं ठेवावं, वस्तू उचलावी आणि तोंडातून अवाक्षर न काढता घरी जावं. चोर नव्हते, भिकारी नव्हते, भांडणतंटा नव्हता. पाहुणेही फारसे नव्हते, पण त्याची कोणी तक्रार करीत नसे.

तिथल्या राजाचं नाव धरसेन. त्याने पायथ्याच्या राज्यातली, खाडीकाठची राजकन्या वेलावती हिच्याशी लग्न केलं. लग्नाच्या दिवशी तिच्या माहेरचा मांत्रिक कर्दम सात दिवस डोंगर चढून आला. दारावरच्या शिपायांनी त्याला नम्रपणे विचारलं, बोलावणं आहे का? कर्दमाने असा प्रश्न जन्मात ऐकला नव्हता. तो एक प्रहर उन्हात थांबला, मग हातातली वाळू त्याने महालावर फेकली आणि म्हणाला, "या महालात जे एकटं पडेल, ते दगड होईल." एवढं बोलून तो डोंगर उतरून गेला.

शाप ऐकून शिपायांनी खांदे उडवले. त्यांच्या लेखी एकटं असणं ही काही आपत्ती नव्हती. राजाही आयुष्यभर एकटा जेवला, एकटा झोपला होता. मग तो कसा दगड झाला नाही, असं तुम्ही विचाराल. मासा पाण्यात भिजतो का? शाप ज्याला लागायचा त्याला लागला.

नवी राणी पहिले काही महिने फार सुखात होती. माहेरी तिला कधी घटकाभर स्वतःचं म्हणून मिळालं नव्हतं. तिची वेणीसुद्धा तीन काक्या मिळून घालीत. इथे तिला पूर्वेची मोठी दालनं मिळाली, खिडकीत माहेरची साळुंकी मिळाली, आणि शांतता मिळाली. पुढे ती शांतता संपेना. दासी ताट उंबऱ्याशी ठेवून निघून जात, कारण आतली घंटा कधी वाजतच नसे. राणीला एकांत आवडतो, असं सगळ्या राज्याने ठरवून टाकलं आणि मोठ्या आदराने तिला तो दिला.

असं बारा वर्षं चाललं. दर वर्षी राज्याभिषेकाच्या दिवशी ती सिंहासनाशेजारी येऊन बसे. बाराव्या वर्षी ती आली नाही. राजाने दाराबाहेरून विचारलं, काही हवं आहे का? आतून उत्तर आलं, "काही नको. माझे गुडघे दगडाचे झाले आहेत." आवाजात रडू नव्हतं, राग नव्हता.

राजाला काय करावं ते सुचेना. तेव्हा खिडकीतली साळुंकी उडून त्याच्या खांद्यावर बसली. तिने सांगितलं की आता दगड रोज बोटभर वर चढेल आणि चाळिसाव्या दिवशी गळ्याशी येईल. उतारा फक्त कर्दम जाणतो, आणि तो खाडीतल्या वाळूच्या बेटावर राहतो. हे आधी का नाही सांगितलंस, असं राजाने विचारलं. साळुंकी म्हणाली, "या राज्यात कोणी मला काही विचारलं नाही."

राजा एकटाच निघाला आणि सातव्या दिवशी खाली पोचला. तिथल्या घरांना चौकटी होत्या, दारं नव्हती. होड्या सगळ्या गावाच्या. आलेली मासळी वाळूवर ओतायची आणि घरातली तोंडं मोजून ज्याने त्याने उचलायची. नवं लुगडं आधी साऱ्या जावा नेसून बघत, मग जिचं असेल तिला मिळे. गरिबी इतकी की पावसाळ्यात एका वेळेवर भागवीत. गलका इतका की राजाचं डोकं दुखू लागलं. कोणीही येऊन त्याच्या अंगरख्याचं कापड चाचपून बघे आणि त्याला बायको-मुलं किती ते विचारी. राजाला पहिल्याच दिवशी एका बंद दाराची फार आठवण आली.

कर्दमाचं बेट हुडकण्यात त्याचे अठरा दिवस गेले. कर्दम आता म्हातारा झाला होता. तो म्हणाला, "तीन कामं कर. उतारा तुला आपोआप मिळेल. पहिलं काम, बाजारातून एक घागर आण."

राजाला वाटलं, हे तर सोपं आहे. ठकूबाई कुंभारणीने जो भाव सांगितला तो त्याने निमूट दिला आणि घागर उचलली. वेशीपर्यंत येताच घागर आपोआप दुभंगली. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी ठकूबाईच त्याच्यावर चिडली. बोलायचं नाही, घासाघीस करायची नाही, आम्ही काय माणसं नाही का, असं तिने सुनावलं. शरमेने लाल होत राजाने आयुष्यात पहिल्यांदा भाव पाडून मागितला. सूर्य माथ्यावर येईपर्यंत दोघं झगडली. तेवढ्या वेळात राजाला तिच्या सुनेचं बाळंतपण कळलं, तिच्या गुडघ्याचं दुखणं कळलं, आणि तिने त्याला दोनदा पाणी पाजलं. ती घागर फुटली नाही.

दुसरं काम होतं, कोणी न बोलावता परक्या घरी जेवणं. राजा एका घरासमोर जाऊन उभा राहिला. आत पंगत बसली, उठली. त्याला कोणी बोलावलं नाही, कारण तिथे बोलावायची रीतच नव्हती. लोकांना वाटलं, याचं काही व्रत असेल. ते त्याला वळसा घालून जात. दोन दिवस तो तसाच उपाशी उभा होता. तिसऱ्या दिवशी पोटाने लाजेवर मात केली. तो आत शिरला आणि पंगतीच्या टोकाला बसला. कोणी मान वर करूनही पाहिलं नाही. वाढणाऱ्या बाईने त्याच्या पानावर भात आणि कालवण घातलं, आणि इतका उशीर कशाला केलास म्हणून रागे भरली. राजा जेवू लागला. त्याला आपल्या महालातलं उंबऱ्यावरचं ताट आठवलं.

तिसरं काम सगळ्यांत अवघड. गावच्या पारावर उभं राहून, आजवर कोणाला न सांगितलेली गोष्ट सांगायची होती.

पाराभोवती सारं गाव जमलं. वरच्या राज्यात स्वतःचं दुःख दुसऱ्यापुढे मांडणं म्हणजे रस्त्यात अंगरखा उतरवणं. अखेर तो म्हणाला, "माझी राणी माझा जीव आहे. रोज संध्याकाळी मी तिच्या दाराबाहेर उभा राहतो. ती घंटा वाजवील, मला बोलावील, म्हणून दिवेलागणीपर्यंत थांबतो आणि परत जातो. बारा वर्षांत तिने एकदाही बोलावलं नाही. तिला मी नकोसा आहे, हे मी कोणाला सांगितलेलं नाही."

ठकूबाई गुडघा धरत पुढे आली.

"अरे बाबा," ती म्हणाली, "आमच्यात बाई हाक मारत नाही. जिला टाकली, तीच हाक मारते. आपलं माणूस असलं तर ते येतंच की. ती तुझी वाटच बघत बसली असेल."

राजा पारावरच खाली बसला. ज्या आदराने तो बारा वर्षं बाहेर थांबला, त्याच आदराने त्याने तिला मरणाच्या दारी आणलं होतं. तो सगळ्यांसमोर रडला, आणि त्याच्या पाठीवर इतके हात आले की कोणाचा कोणता ते कळेना. कर्दमाने मान खाली घातली. तो म्हणाला, "शाप देताना मीही तुमची रीत विचारली नव्हती. उतारा मिळाला आहे. पळ."

चाळिसाव्या दिवशी संध्याकाळी राजा महालात पोचला. पूर्वेच्या दालनाबाहेर त्याचे पाय नेहमीच्या जागी थबकले. आत सामसूम होती. अंगात रुजलेली रीत मोडताना माणसाला जी भीती वाटते, ती त्या क्षणी राजाला वाटली. मग त्याने दार ढकललं.

राणी दाराकडे तोंड करून बसली होती. दगड हनुवटीला टेकला होता. राजा जाऊन तिच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून बसला. मांत्रिकाने कुठला मंत्र दिला नव्हता, म्हणून तो सुचेल ते बोलत राहिला: ठकूबाईची घागर, मासळीचे वाटे, कालवणाचा तिखटपणा. बोलता बोलता दगड गळ्यावरून उतरला, छातीवरून उतरला, गुडघ्यांवरून उतरला, आणि टाचांतून वाळू होऊन जमिनीवर सांडला.

राणीने पहिला प्रश्न विचारला तो हा: "इतकी वर्षं कुठे होतात?"

राजा म्हणाला, "दाराबाहेर."

तिला ते खरं वाटेना. तिने म्हटलं, जागा दाखवा. त्याचा हात धरून, अडखळत ती उंबऱ्याबाहेर आली. तिथली फरशी काळ्या पाषाणाची होती. बारा वर्षांत पाषाण झिजत नाही, पण तो झिजला होता. शेजारी शेजारी दोन पावलांचे खळगे पडले होते, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर. तिने त्यांत आपली पावलं ठेवून पाहिली. आतून चार पावलं टाकली असती तर ती इथे पोचली असती.

पुढे दोघांनी सुखाने राज्य केलं. डोंगरावरचे लोक आजारी शेजाऱ्याकडे घंटेवाचून जाऊ लागले, आणि खाडीकाठच्यांनी वरच्या पाहुण्यासाठी एका खोलीला दार बसवलं. राणीला मात्र संध्याकाळी कधी कधी रडू येई. राजा कारण विचारीत नसे, नुसता येऊन शेजारी बसे. गेलेली वर्षं दोघांचीही होती.