ओढ्यावरचा साकव

फार जुनी गोष्ट. सगळ्यांच्या रानातल्या ओढ्यावर लाकडी साकव घालायचा होता. रिवाज असा, की आधी कासवाने काठावरच्या प्रत्येक बिळाशी जाऊन विचारायचं, "साकवाने तुमचं काही मोडणार नाही ना?" एका बिळाला विचारून झालं की कासव पार वडाखाली परतून सांबरराजांना सांगे, मगच दुसऱ्याकडे निघे. यात तीन पावसाळे गेले. तिसऱ्यात साळू साळिंदरीचं पिल्लू ओढ्यातून वाहून गेलं.

"विचारणंच बंद करा!" कोल्हा भडकला.

"मुळीच नाही," साळू म्हणाली. "बिळांतही कुणाची पिल्लं आहेत. विचारा सगळ्यांना. फक्त दर वेळी वडाखाली परतू नका."

"मग मला कळणार कसं?" सांबरराजे म्हणाले.

"तुम्ही चला की कासवदादांबरोबर!"

सांबरराजे पहिल्यांदाच सावलीतून उठले. चार दिवसांत शेवटच्या बिळालाही विचारून झालं.