दिवाणसाहेबांचा मुजरा

मानखेडी संस्थानच्या म्हाताऱ्या महाराजांनी माडीवरच्या दरबारात लाकडी जमीन घालायची ठरवली. दिवाण त्र्यंबकरावांनी लगेच हुकूम सोडला, "मेस्त्री, अर्ध्या इंचाच्या फळ्या घाल, आणि पॉलिश असं कर की त्यात चेहरा दिसला पाहिजे!"

बाळकोबा मेस्त्री म्हणाला, "साहेब, फळी सव्वा इंचाची हवी. वर नुसतं जवसाचं तेल चोळू."

"तू रंधा मार, मला अक्कल शिकवू नकोस!"

महाराजांचा दोघांवरही जीव. ते म्हणाले, "दोन्ही नमुने करून दाखवा."

चार दिवसांत मेस्त्रीने दारापासून गादीपर्यंत दोन पट्टे शेजारी शेजारी घातले. "दिवाणसाहेब, आपल्या पट्ट्यावरून जाऊन महाराजांना मुजरा करून या. बाकी माझं काही म्हणणं नाही."

जोडे दाराशी काढून, पायमोज्यांवर दिवाण ऐटीत निघाले. ते मुजऱ्याला वाकले, तशी त्यांच्या भारदस्त देहाखाली फळीही करकरत वाकली. आता महाराजांना पाठ न दाखवता उलट्या पावली परत यायचं होतं. पहिलंच पाऊल मागे टाकलं आणि पाय सर्रकन सटकला. कसेबसे सावरून दिवाण जागच्या जागी खिळले. वळावं तर बेअदबी, मागे सरावं तर आपटी!

मेस्त्रीने हात जोडून विचारलं, "साहेब, चेहरा दिसतोय ना?"

महाराज तोंडावर उपरणं धरून हसू लागले. दिवाणांनी खाली पाहिलं. कपाळावरचा घामसुद्धा लख्ख दिसत होता.

"दिसतोय रे बाबा! सव्वा इंच घाल, तेल चोळ, पण आधी मला हात दे!"