पायदळी येऊ नये म्हणून

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की तेव्हा वाटेवर कोसाचे दगडसुद्धा कुणी रोवले नव्हते. खरी का खोटी, ते मला विचारू नका. मी ऐकली तशी सांगतो.

एका डोंगराच्या पायथ्याशी वरवाडी नावाचं गाव होतं. गावाला खेटून दुधाई नदी वाहायची आणि पुढे तीन कोसांवर तळवाडीला जायची. वरवाडीची माणसं तिला आई म्हणत. नुसती म्हणत नव्हती हो, मानतही होती. पाण्यात पाय बुडवण्याआधी पाण्याला हात लावून तो कपाळाला लावत. एकदा कुणी वाटसरू नदीत थुंकला, तर सगळ्या गावानं मिळून त्याला घाटावर नाक घासायला लावलं होतं.

घाटावर देवीचं देऊळ होतं आणि देवळाचा पुजारी होता म्हाळबा.

म्हाळबा वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर तुम्ही त्याला दुष्ट ठरवून मोकळे व्हाल आणि मग ही गोष्ट तुमच्या काही कामाची उरणार नाही. त्याची खोड एकच. त्याला 'नाही' म्हणता यायचं नाही. समोर कुणी हात जोडून उभं राहिलं, की त्याच्या तोंडून 'हो' निघून जायचं.

गावात एक रीत होती. देवाला वाहिलेली फुलं पायदळी येऊ नयेत, म्हणून ती नदीत सोडायची. मूठभर फुलं आणि चार बेलाची पानं असायची, नदी ती कुठल्या कुठे घेऊन जायची. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग एके दिवशी एक म्हातारी मोडकी केरसुणी घेऊन घाटावर आली.

"पुजारीबुवा, केरसुणी म्हणजे लक्ष्मी," ती म्हणाली. "उकिरड्यावर टाकली तर कुणाचा तरी पाय लागायचा. नदीत सोडू का?"

म्हाळबाला ते पटलं. "सोडा," तो म्हणाला.

झालं! दुसऱ्या दिवशी एक जण शिळ्या भाताचं पातेलं घेऊन आला. अन्न म्हणजे देव, ते उकिरड्यावर कसं टाकायचं? सोडा. गवळी गोठ्यातली घाण पाट्या भरभरून घेऊन आला. गाईचं शेण पवित्र, ते कुणाच्या पायाखाली यावं का? सोडा. लग्नाच्या पंगतीच्या पत्रावळी आल्या, मेलेल्या माणसांच्या गोधड्या आल्या, भंगलेल्या मूर्ती आल्या. रंगारी तर फारच विनयानं बोलला. "देवीचं लुगडं रंगवलेलं पाणी आहे बुवा, ते गटारात ओतायचं पाप मी करणार नाही." म्हाळबानं त्यालाही हो म्हटलं. त्याच रांजणात रंगवलेल्या बाकीच्या शंभर लुगड्यांचं पाणीही मग त्याच वाटेनं नदीत जाऊ लागलं.

ज्याला त्याला आपापला कचरा पवित्र वाटायला लागला. हसू नका, आपल्या घरातला आपल्यालाही वाटतो. येणारा प्रत्येक जण पुजाऱ्यापुढे मानाचा नारळ ठेवून जायचा, त्यामुळे म्हाळबाच्या घरी बारा महिने खोबऱ्याच्या वड्या असायच्या.

पाच-सहा वर्षांत दुधाईचा रंग बदलला. आधी ती हिरवट झाली, मग गढूळ लालसर. उन्हाळ्यात मासे पोट वर करून काठाला लागायचे. लोकांनी विचारलं, तर म्हाळबा म्हणायचा, "आईला कुठे विटाळ असतो? ती सगळं पोटात घेते." लोकांचं समाधान व्हायचं. त्यांनाही हेच उत्तर हवं होतं.

पण एका सकाळी म्हाळबानं स्वतः तीर्थाची ओंजळ तोंडाला लावली आणि ती त्याच्या घशाखाली उतरेना. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच थुंकली. ज्या नदीत थुंकल्याबद्दल वाटसरूचं नाक घासलं होतं, त्याच नदीत.

त्या दिवसापासून, दुपारी जेवून गाव आडवं झालं, की म्हाळबा कळशी उपरण्याखाली लपवून डोंगरामागच्या झऱ्यावर जायचा. घरात प्यायला झऱ्याचं पाणी आणि देवळात लोकांच्या ओंजळीत दुधाईचं. आपलं वय झालं, आपलं पोट नाजूक आहे, असं तो स्वतःला सांगायचा. हे तीन वर्षं चाललं आणि कुणाला पत्ता लागला नाही.

म्हाळबाची बायको केव्हाच वारली होती. त्याला एकच मुलगी होती, सगुणा. ती तळवाडीला दिली होती. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. पाच महिने ती आबांच्या घरी राहिली. घरातल्या कळशीतलं पाणी प्यायची आणि म्हणायची, "आबा, दुधाईचं पाणी अजून किती गोड आहे हो. लोक उगाच नावं ठेवतात."

म्हाळबा कळशीवर झाकण सरकवायचा.

आता तळवाडीला दिलेल्या वरवाडीच्या लेकींची एक चाल होती. बाळ सासरी आलं, की त्याच्या जिभेवर आयुष्यातलं पहिलं पाणी पडायचं ते दुधाईचं. तोवर बाळ फक्त आईच्या दुधावर. तळवाडीला विहिरी होत्या, पण लेकी म्हणायच्या, नदी माहेराहून आपल्या मागोमाग चालत आली आहे, तिचा मान पहिला.

सगुणा निघाली त्या दिवशी घाटावर सगळं गाव जमलं होतं. बायांनी तिची ओटी भरली. गाडीत चढता चढता तिनं नदीकडे पाहिलं आणि ती थबकली.

"आबा," तिनं हळूच विचारलं, "इथं पाणी जरा लालसर दिसतंय. बाळाला पाजलं तर चालेल ना?"

रंगारी शेजारीच उभा होता. गवळी होता. केरसुणीवाली म्हातारीही होती. सगळे म्हाळबाच्या तोंडाकडे बघत होते. 'पाजू नकोस' एवढे दोनच शब्द त्याला बोलायचे होते. ते त्याच्या ओठांपर्यंत आले. मग त्याला वाटलं, आता हे बोललो तर इतकी वर्षं काय सांगत होतो, असं लोक विचारतील.

"दुधाईला काय धाड भरली आहे?" तो हसून म्हणाला. "खुशाल पाज."

गाडी गेली. त्या रात्री म्हाळबाला घास गेला नाही. मी म्हटलं ना, तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर पोटभर जेवला असता.

नवव्या दिवशी तळवाडीहून माणूस आला. "नातीला जुलाब लागलेत. पोर डोळे उघडत नाही. लवकर चला."

म्हाळबा तीन कोस धावत गेला. पायात वहाणाही नव्हत्या. घरात शिरला तर सगुणा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळाची टाळू खोल गेली होती. सगुणाच्या एका हातात वाटी होती आणि ती चमच्यानं बाळाच्या ओठांत काहीतरी सोडत होती.

"काय देतेस?" म्हाळबानं विचारलं.

"दुधाईचं पाणी," सगुणा म्हणाली. "सासूबाई नको म्हणतात. पण मी म्हटलं, माझ्या आबांनी सांगितलंय. ती बरी व्हावी म्हणून आता दर तासाला देतेय."

म्हाळबानं तिच्या हातातली वाटी हिसकावून घेतली.

"देऊ नकोस."

"का आबा?"

खोलीत जावई होता, सासू होती, दाराशी शेजारीपाजारी होते. या वेळीही सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत होते. म्हाळबानं भिंतीला हात टेकला.

"मी ते पीत नाही," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. तू माझ्या घरी प्यायलीस ते झऱ्याचं पाणी होतं. नदीचं पाणी पिण्याजोगं नाही, हे तू गाडीत बसलीस तेव्हाही मला ठाऊक होतं."

सगुणा ओरडली नाही. रडलीही नाही. तिनं वडिलांकडे असं पाहिलं, जसा काही कुणी परका माणूस चुकून घरात आला आहे. मग तिनं पदर ओढून बाळाला झाकून घेतलं. आपल्या लेकीनं आपल्यापासून आपली नात झाकली, हे म्हाळबानं डोळ्यांनी पाहिलं, आणि त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

वैद्यानं विहिरीचं पाणी उकळून दिलं, पेजेचं निवळ थेंब थेंब पाजलं. चार दिवस पोर जगते की जाते, असं चाललं होतं. पाचव्या दिवशी ती रडली आणि घर हुश्श झालं. म्हाळबा ते चारही दिवस ओसरीवर बसून होता. त्याला कुणी आत बोलावलं नाही.

तो वरवाडीला परतला आणि आरतीला जमलेल्या गावापुढे त्यानं सगळं सांगितलं. झरा सांगितला, कळशी सांगितली, नात सांगितली. काहीच लपवलं नाही.

गाव खवळलं. "आम्हाला ते पाणी पाजत होतास आणि स्वतः झऱ्यावर जात होतास?" रंगारी म्हणाला.

"होय," म्हाळबा म्हणाला. "आणि तुम्ही विचारलंत तेव्हा हो म्हणालो, तेही मीच. मला शिव्या द्या. पण उद्यापासून माझ्याकडून 'सोडा' ऐकायला मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो छातीभर पाण्यात उतरला. आधी त्यानं देवळाच्या पायरीखालचंच उपसायला घेतलं. कुजलेल्या हारांचा लगदा, तुपकट चिंध्या, भंगलेले देव निघाले. त्या वासानं त्याला ओकारी आली. काठावरची माणसं नाकाला पदर-उपरणी लावून बघत होती. काही हसत होती. महिनाभर तो एकटाच उपसत होता.

मग एके दिवशी काढता काढता त्याच्या हाती एक गोधडी लागली. काठावर उभ्या असलेल्या गवळ्यानं ती ओळखली. त्याच्या आईची होती. आईला त्यानं चंदनाच्या लाकडांवर पोचवलं होतं आणि तिची गोधडी अशी चिखलात सडत होती. तो मान खाली घालून पाण्यात उतरला. त्याच्यामागून आणखी दोघं उतरले. रंगाऱ्याला सगळ्यांत जास्त वेळ लागला, पण शेवटी त्यानंही माळावर खड्डे खणले आणि रंगाचं पाणी तिकडे वळवलं. देवाच्या फुलांसाठी देवळामागे कुंपण घालून खड्डा केला, म्हणजे पाय लागायची भीती नाही. आणि केरसुण्या? त्या निमूटपणे चुलीत जाऊ लागल्या. लक्ष्मी काही रुसली नाही.

बिघडवायला सहा वर्षं लागली होती, निवळायला अकरा लागली. तोवर सगुणा माहेरी आली नाही. निरोप धाडला, की उलटा निरोप यायचा, "बघू."

बाराव्या वर्षी ती आली. सोबत उंच झालेली नात होती. दुधाईचा तळ दिसत होता, खडे मोजता येत होते. गावानं दोघींना मिरवत घाटावर आणलं. म्हाळबा आता वाकला होता. त्यानं ओंजळ भरली आणि नातीपुढे धरली. पोरीनं हात पुढे केला.

सगुणानं तिचा हात धरला.

"आबा," ती म्हणाली, "आधी तुम्ही प्या."

अकरा वर्षं चिखल उपसूनही लेकीच्या मनातलं तेवढं निघालं नव्हतं, आणि ते तिनं का ठेवलं, हे म्हाळबाला पुरतं ठाऊक होतं. त्यानं मान खाली घातली आणि सगळ्यांसमोर ओंजळ पिऊन टाकली. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग लेकीचा हात सोडला.

तेव्हापासून त्या घाटावर पुजारी आधी स्वतः पितो आणि मगच दुसऱ्याला तीर्थ देतो. परगावचे लोक त्याला पुजाऱ्याचा मान समजतात. वरवाडीची माणसं तो समज खोडून काढत नाहीत, नुसती खाली बघतात.

तर मुलांनो आणि मुलांच्या आईबापांनो, एवढं ध्यानात ठेवा: जे पाणी आपल्या घशाखाली उतरत नाही, ते पवित्र म्हणून दुसऱ्याच्या ओंजळीत घालू नये.