गाव खरं, पाहुणा कोण?

एक वृद्ध गुरुजी डोंगरातल्या मठात देशी बियाणं राखत असत. आसपासच्या गावांची पेरणी त्या एका कोठीवर अवलंबून होती. तसलं वाण दुसरीकडे उरलंच नव्हतं. मठाचं ईमेल सांभाळणारा शिष्य मात्र कचऱ्याने जेरीस आला होता. लॉटरी लागली, टक्कल गेलं, असली पत्रं. तुम्हालाही येतात, आणि तुम्ही ती उघडून वाचता.

शिष्याने चाळणी बसवली. पाठवणाऱ्याच्या पत्त्यातलं ठिकाण डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या ठिकाणांच्या यादीत, सापडलं तर पत्र आत, नाही तर बाहेर. कचरा निम्मा झाला आणि शिष्याची मान दुपटीने ताठ झाली.

एके दिवशी शेजारच्या मठाच्या पत्त्यावरून पत्र आलं. "आमचं बियाणं कुजलं. व्यापारी पाठवतो, असेल तेवढं द्या." चाळणीने ते आत घेतलं. पाठोपाठ ट्रक दारात.

"उरका महाराज, तिकडे लोक खोळंबलेत," व्यापारी म्हणाला.

शिष्याने कोठीत शिरून पहिल्या पोत्याला हात घातला. इतक्यात गुरुजींनी बाहेरून दार लोटलं, कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

"गुरुजी, हे काय?"

"तुझंच पत्र आलंय बाळा. मी बियाणं चोरणार आहे, मला कोंडा, असं लिहिलंयस."

"मी नाही लिहिलं."

"पत्ता तुझा, ठिकाण यादीत आहे, तुझ्याच चाळणीतून आलंय. माझं काय चुकलं?"

ट्रकमधून दोन दांडगे उतरले. "किल्ली द्या म्हातारबा," व्यापारी हळू आवाजात म्हणाला. गुरुजींनी एका हाताने दारावरच्या मोठ्या घंटेचा दोर धरला. ती अवेळी वाजली की खालचं गाव वर धावत येई.

आतून आवाज आला, "ते पत्र तुम्हीच लिहिलंत."

"मीच. पाठवणाऱ्याचं नाव लिहिणाराच घालतो रे. तुझी चाळणी विचारते, असं गाव आहे का? गाव आहेच. पण गावाने याला धाडलं का? त्या मठाच्या प्रत्येक पत्राला छुपी सही असते, आणि ती पडताळायची खूण त्यांनी त्याच यादीत आपल्या नावाखाली उघडी ठेवलीय. बघ जुळवून, फोन आहे ना हातात?"

दांडगे पायरीपाशी आले. दोर ताणला गेला.

"गुरुजी, बियाणं मागणाऱ्या पत्राला सहीच नाही."

"ऐकलंत शेठ? बसा, त्या मठाला फोन लावतो. चहा घेणार?"

शेठना चहा नको होता. ट्रक वळणापार गेल्यावरच गुरुजींनी दोर सोडला आणि कुलूप काढलं.

"म्हणजे सही जुळली असती तर बियाणं द्यायचं होतं," शिष्य घाम पुसत म्हणाला.

"सही जुळली की मागणारा कोण ते कळतं. तो भला की लबाड, ते तिला काय ठाऊक? तेवढं काम तुझ्याकडेच राहतं."

शिष्याने पोतं पुन्हा थप्पीला लावलं आणि निमूट चाळणी दुरुस्त करायला बसला.

वाचकहो, उद्या माझ्या नावाने काही मागणारं पत्र आलं, तर आधी सही जुळवा. आणि जुळलीच, तर द्यायचं की नाही याचा जास्तच विचार करा.